लोंबणाऱ्या तारेचे गणित

पुण्यात बंडगार्डनकडून येरवड्याकडे जाताना मेट्रोचा उंचावरचा मार्ग मुळा-मुठा नदी ओलांडतो. मार्च २०२४ मध्ये हा मार्ग रामवाडीपर्यंत सुरू झाला आणि त्यानंतर काही महिन्यांनी येरवडा स्थानकही उघडले. फलाटावर उभे राहून रुळांच्या वर पाहिले, तर तेथे एक नव्हे, दोन तारा दिसतात. वरची तार एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत झोळ घेत जाते. खालची मात्र पट्टीने आखल्यासारखी जवळजवळ सपाट असते. या दोन तारांना जोडणाऱ्या लहानमोठ्या उभ्या तारा ठरावीक अंतरावर दिसतात. खांबाजवळ त्या लांब असतात, मध्याकडे आखूड होत जातात.

गाडीला वीज मिळते ती खालच्या तारेतून. गाडीच्या टपावरचा पँटोग्राफ या तारेला खालून घासत जातो. मग वरची तार कशाला? एकच तार घट्ट ताणून सरळ का बसवत नाहीत? आणि वरची तार लोंबते तेव्हा तिचा आकार नेमका कोणता असतो? तिला रेल्वेचे अभियंते 'कॅटेनरी' म्हणतात. हे नाव तिला शोभते का?

हे प्रश्न शाळेच्या वर्गात नेण्यासारखे आहेत. त्यांची उत्तरे शोधायला सुतळी, एक साखळी, आलेखाचा कागद आणि नववी-दहावीचे बलांचे ज्ञान पुरते. शेवटच्या टप्प्यात थोडे कलनशास्त्र लागते. ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी.

तार सरळ का होत नाही?

प्रथम एक सोपा प्रयोग करू. चारपाच मीटर लांबीची दोरी घ्या. तिच्या मधोमध पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली बांधा. वर्गातील दोन दणकट मुलांना दोरीची टोके धरून ती सरळ करायला सांगा. मुले जोर लावतील, मागे रेलतील, पण दोरी पूर्ण सरळ होणार नाही. एक किलोचे वजन दोघा मुलांना का हरवते?

कारण साधे आहे. दोरी ओढते ती फक्त स्वतःच्या दिशेने. दोरी पूर्ण आडवी असेल तर तिची ओढही पूर्ण आडवी असेल. आडव्या ओढीला वर उचलणारा घटक नसतो. मग बाटलीचे वजन तोलणार कोण? वजन तोलायचे तर दोरीला थोडे तरी तिरपे व्हावेच लागते. बाटली काढली तरी दोरीला स्वतःचे वजन असतेच. म्हणून कितीही ताणलेली तार थोडी लोंबणारच. झोळ हा तार ओढण्यातला हलगर्जीपणा नव्हे. तार झोळाच्याच जोरावर आपले वजन पेलते.

आता हिशेब मांडू. दोन खांबांमधील अंतराला 'गाळा' म्हणू व त्यासाठी 'ग' हे अक्षर वापरू. झोळाची खोली 'झ', तारेचे दर मीटरला वजन 'व', आणि तारेतील आडवा ताण 'आ'. दोन्ही खांब सारख्या उंचीचे आहेत आणि झोळ गाळ्याच्या मानाने लहान आहे असे धरू.

तारेचा अर्धाच भाग विचारात घ्या: मधल्या सर्वांत खालच्या बिंदूपासून उजव्या खांबापर्यंतचा. खालच्या बिंदूपाशी तार आडवी आहे, म्हणून तेथे फक्त आडवा ताण 'आ' आहे. या अर्ध्या तारेचे वजन व × ग/२ असून ते तिच्या मध्यावर, म्हणजे खांबापासून ग/४ अंतरावर, एकवटले आहे असे मानता येते. खांबाशी जोडलेल्या बिंदूभोवती परिबले घ्या. वजन तारेला एका दिशेने फिरवू पाहते, आडवा ताण उलट दिशेने. आडव्या ताणाची भुजा झोळाइतकी, म्हणजे 'झ'. म्हणून

आ × झ = (व × ग/२) × (ग/४)

यावरून

आ = (व × ग²) ÷ (८ × झ)

हे छोटे सूत्र फार बोलके आहे. झोळ भागाकारात आहे. म्हणजे झोळ निम्मा करायचा तर ताण दुप्पट, दशांश करायचा तर ताण दसपट. झोळ शून्य करायचा तर ताण अनंत.

घरचे उदाहरण घ्या. चार मीटर दोरीवर ओले कपडे वाळत घातले आहेत आणि दोरीसकट वजन दर मीटरला २ किलो भरते. झोळ २० सेंटिमीटर असेल तर आडवा ताण २ × १६ ÷ (८ × ०.२), म्हणजे २० किलो. झोळ दिसायला बरा नाही म्हणून दोरी ताणून तो ५ सेंटिमीटर केला, तर ताण होतो ८० किलो. कपडे तेच, वजन तेच. पण आता भिंतीतल्या खिळ्याला एक धडधाकट माणूस लटकल्याइतकी ओढ बसते. खिळा उपटून येतो तो यामुळे.

आता रेल्वेकडे जाऊ. भारतीय रेल्वेच्या विद्युतीकृत मार्गावर दोन खांबांमधील गाळा जास्तीत जास्त ७२ मीटर ठेवतात. दोन्ही तारांचे मिळून वजन दर मीटरला सुमारे १.६ किलो येते आणि वरच्या तारेतील ताण सुमारे १००० किलो असतो. सूत्रात घालून पाहा: झोळ १.०४ मीटर येतो. हाच झोळ एक सेंटिमीटरवर आणायचा तर ताण सुमारे १०० टन करावा लागेल. वरच्या तारेचा छेद जेमतेम ६५ चौरस मिलिमीटर असतो. एवढ्या ताणाच्या कितीतरी आधीच ती तुटेल. मेट्रोच्या मार्गावर गाळे आणि ताण यांचे आकडे निराळे असतात, पण गणित हेच.

मग दोन तारा का, याचे उत्तरही मिळाले. पँटोग्राफला सपाट तार हवी, नाहीतर तो उड्या मारील, तारेशी त्याचा संपर्क तुटेल आणि ठिणग्या पडतील. पण तारेला वजन तोलायचे तर झोळ हवा. या दोन गरजा एकाच तारेने भागत नाहीत, म्हणून कामाची वाटणी केली. झोळ वरच्या तारेने घ्यायचा, सपाटपणा खालच्या तारेने सांभाळायचा.

झोळाचा आकार कोणता?

१६३८ साली प्रसिद्ध झालेल्या 'दोन नवी शास्त्रे' या ग्रंथात गॅलिलिओने या प्रश्नाचा विचार केला आहे. फेकलेला चेंडू ज्या वाटेने जातो तो वक्र अन्वस्त असतो, हे त्यानेच दाखवले होते. लोंबती साखळीही त्याला अन्वस्तासारखी दिसली. साखळीचा आकार अन्वस्ताच्या जवळपास येतो, आणि झोळ जितका कमी तितके हे साम्य वाढते, असेही त्याने नोंदवले. गॅलिलिओ येथे साफ चुकला असे पुष्कळदा सांगितले जाते. त्याचे हे दुसरे विधान मात्र अगदी बरोबर आहे, हे आपण पुढे पाहू.

साखळीचा आकार तंतोतंत अन्वस्त नसतो, हे १६४६ साली ख्रिस्तियान हायगेन्सने दाखवले. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. मग तो आकार कोणता? १६९० साली याकोब बर्नुली याने हा प्रश्न युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला. १६९१ साली तीन उत्तरे प्रसिद्ध झाली: लायब्निझचे, हायगेन्सचे आणि याकोबचा धाकटा भाऊ योहान याचे. नव्याने जन्मलेल्या कलनशास्त्राच्या ताकदीची ती एक मोठी परीक्षाच होती. लॅटिन भाषेत साखळीला 'कॅटेना' म्हणतात. त्यावरून हायगेन्सने या वक्राला जे नाव दिले त्याचेच आजचे रूप 'कॅटेनरी'. आपण त्याला साखळीवक्र म्हणू.

एका वाक्यातली किल्ली

अन्वस्त आणि साखळीवक्र यांतला फरक समजण्यासाठी एकच वाक्य पुरेसे आहे. ते मिळवू.

साखळीच्या सर्वांत खालच्या बिंदूपासून वर कुठल्याही एका बिंदूपर्यंतचा तुकडा घ्या. त्यावर तीनच बले आहेत: खालच्या टोकाला आडवा ताण 'आ', वरच्या टोकाला साखळीच्या दिशेने वर ओढणारा तिरपा ताण, आणि तुकड्याचे वजन. तुकडा स्थिर आहे. म्हणून तिरप्या ताणाचा आडवा घटक 'आ' इतका आणि उभा घटक वजनाइतका असलाच पाहिजे. आणि ताणाची दिशा हीच वक्राची दिशा. म्हणून,

वक्राचा चढ = खालच्या बिंदूपासून तेथपर्यंतचे वजन ÷ आडवा ताण

हीच ती किल्ली. आडवा ताण सगळीकडे सारखाच आहे. म्हणजे वक्र कसा वळणार हे सर्वस्वी एका गोष्टीवर अवलंबून राहिले: वजन कसे वाटले आहे.

पहिली शक्यता. वजन आडव्या अंतराच्या प्रमाणात वाटले आहे. ऋषिकेशच्या झुलत्या पुलांसारखा पूल डोळ्यांपुढे आणा. दोराला खाली जड सपाट मार्ग टांगला आहे आणि त्यापुढे दोराचे स्वतःचे वजन किरकोळ आहे. आडवे एक मीटर पुढे गेले की वजन एका मीटरच्या मार्गाने वाढते. म्हणजे चढ आडव्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. समान आडव्या पावलांनी चालत गेलो तर प्रत्येक पावलाला मिळणारी उंची १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढते आणि एकूण उंची १, ४, ९, १६ अशी होते. उंची अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात आली, हाच अन्वस्त. आडवे अंतर 'क्ष' व उंची 'य' असेल तर य = व × क्ष² ÷ (२ × आ). यात क्ष = ग/२ आणि य = झ घाला; आपले आधीचे सूत्रच परत मिळेल.

दुसरी शक्यता. वजन साखळीच्या लांबीच्या प्रमाणात वाटले आहे. नुसती साखळी लोंबत असेल तर असेच होते. येथे चढ वाढतो तो आडव्या अंतराच्या नव्हे, तर साखळीवरून चाललेल्या अंतराच्या प्रमाणात. तळाशी साखळी जवळजवळ आडवी असते, तेव्हा या दोहोंत फरक नाही. पण साखळी जसजशी उभी होत जाते, तसतशी थोड्याशा आडव्या अंतरात जास्त साखळी मावते, म्हणजे जास्त वजन येते. त्यामुळे चढ आणखी झपाट्याने वाढतो. टोके तीच व खोली तीच ठेवली तर साखळीवक्र अन्वस्तापेक्षा तळाशी अधिक पसरट आणि बाजूंना अधिक उभा असतो.

कागदावर काढून पाहू

कलनशास्त्र न वापरता हा वक्र काढता येतो. समजा, आडवा ताण १० सेंटिमीटर साखळीच्या वजनाइतका आहे आणि साखळीची प्रत्येक कडी १ सेंटिमीटरची आहे. आलेखाच्या कागदावर तळापासून सुरुवात करा. पहिल्या कडीच्या मध्यापर्यंतचे वजन अर्ध्या कडीचे, म्हणून तिचा चढ ०.५ ÷ १० = ०.०५. दुसऱ्या कडीचा ०.१५, तिसऱ्या कडीचा ०.२५. याप्रमाणे चढ प्रत्येक कडीला ०.१ ने वाढवत एकेका सेंटिमीटरचे तुकडे एकापुढे एक जोडत जा. ०.२५ चढ म्हणजे १० आडवे आणि २.५ उभे, अशी दिशा. छत्तीस कड्या झाल्यावर तुम्ही सुमारे २० सेंटिमीटर आडवे आणि सुमारे २७ सेंटिमीटर वर पोचलेले असाल. दुसऱ्या बाजूलाही तेवढेच काढा. मोठ्या कागदावर हे काम एका तासिकेत होते.

आता निसर्गाकडून उत्तर तपासून घ्या. फळ्यावर किंवा भिंतीवर एका पातळीत ४० सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे ठोका. बारीक, लवचीक साखळी त्यांवर अशी टांगा, की खिळ्यांमधील साखळीची लांबी ७२.५ सेंटिमीटर भरेल. तिचा तळ खिळ्यांच्या २७.६ सेंटिमीटर खाली येईल. तुमचा कागद मागे धरला की साखळी तुमच्या रेषेवर बसलेली दिसेल. त्याच टोकांतून आणि त्याच तळातून जाणारा अन्वस्तही वेगळ्या रंगाने काढा. दोन्हींची तळापासूनची उंची अशी येते:

मध्यापासून १० सेंटिमीटरवर: साखळी ५.४, अन्वस्त ६.९
मध्यापासून १५ सेंटिमीटरवर: साखळी १३.५, अन्वस्त १५.५
मध्यापासून २० सेंटिमीटरवर: दोन्ही २७.६

दीड-दोन सेंटिमीटरचा फरक वर्गाच्या शेवटच्या बाकावरूनही दिसतो. साखळी अन्वस्त नाही, हे सांगून पटवण्यापेक्षा असे दाखवून पटवावे.

मग साखळी आखडून खिळ्यांमधील लांबी ४१.६ सेंटिमीटर करा. आता झोळ ५ सेंटिमीटरचा राहील. पुन्हा अन्वस्त काढा. या वेळी दोन वक्रांतील फरक जास्तीत जास्त मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाइतकाच असतो. तो पेन्सिलीच्या रेषेत आणि साखळीच्या जाडीत बुडून जातो. झोळ कमी तितके साम्य अधिक, हे गॅलिलिओचे म्हणणे येथे डोळ्यांनी दिसते.

बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी

आडव्या ताणाइतके वजन ज्या लांबीच्या साखळीचे भरते, त्या लांबीला 'अ' म्हणू. वर आपण अ = १० सेंटिमीटर घेतला होता. चढ 'च' असेल तर च = साखळीवरील अंतर ÷ अ. आडवे अंतर किंचित वाढले की साखळीवरील अंतर त्याच्या √(१ + च²) पट वाढते. हा केवळ पायथागोरसचा सिद्धांत. म्हणून चढाचा 'क्ष'शी असलेला वाढीचा दर √(१ + च²) ÷ अ इतका आहे. हे समीकरण सोडवून पुन्हा एकदा संकलन केले की उत्तर मिळते. उंची तळाच्या 'अ' इतकी खाली असलेल्या पातळीपासून मोजली तर

य = अ × [ई चा (क्ष/अ) वा घात + ई चा (−क्ष/अ) वा घात] ÷ २

येथे 'ई' म्हणजे नैसर्गिक लॉगरिथमचा पाया, २.७१८२८… समीकरण भीतिदायक दिसते, पण त्याचा अर्थ सोपा आहे. एक वक्र चक्रवाढीने चढणारा, दुसरा त्याचीच आरशातली प्रतिमा, म्हणजे तशाच रीतीने उतरणारा. या दोघांची सरासरी म्हणजे साखळीवक्र. क्ष = अ येथे पहिला २.७१८, दुसरा ०.३६८, सरासरी १.५४३. अ = १० घेऊन त्यातून 'अ' वजा केला की ५.४३ मिळतात. वरच्या कोष्टकातील पहिली संख्या हीच आहे. लायब्निझने तर उलट सुचवले होते, की साखळी टांगून तिच्यावरून लॉगरिथम मोजता येतील. लांबच्या प्रवासात कोष्टकांचे पुस्तक हरवले तर उपयोगी पडेल!

समीकरणात आणखी एक गोष्ट लपली आहे. त्यात साखळीचे वजन वेगळे कुठेच येत नाही. येते ते फक्त 'अ', आणि तो साखळीची लांबी व खिळ्यांची जागा यांवरून ठरतो. सोन्याची साखळी आणि त्याच लांबीची लोखंडी साखळी त्याच खिळ्यांवर टांगली तर दोन्ही एकाच आकारात लोंबतील. वेगळा असेल तो ताण.

पुन्हा मेट्रोच्या तारेकडे

आता 'कॅटेनरी' या नावाची तपासणी करू. वरच्या तारेवर दोन वजने आहेत. तिचे स्वतःचे वजन दर मीटरला साधारण ०.६ किलो असून ते तारेच्या लांबीवर वाटलेले आहे. खालची तार तांब्याची, १०७ चौरस मिलिमीटर छेदाची. तिचे वजन दर मीटरला सुमारे ०.९५ किलो. ती सपाट असल्याने तिचे वजन आडव्या अंतरावर वाटलेले आहे. म्हणजे जास्त मोठा वाटा अन्वस्त घडवणाऱ्या वजनाचा! शिवाय ७२ मीटरच्या गाळ्यात झोळ जेमतेम एक मीटर. इतक्या उथळ झोळात साखळीवक्र आणि अन्वस्त यांच्यातला फरक एक मिलिमीटरही भरत नाही. म्हणून 'कॅटेनरी' म्हणून ओळखली जाणारी ही तार व्यवहारात अन्वस्तच मानतात आणि उभ्या तारांची लांबी अन्वस्ताच्या सूत्रानेच काढतात.

आपणही काढू. भारतीय रेल्वेत खांबापाशी दोन तारांमधील अंतर १.४ मीटर ठेवतात. झोळ १.०४ मीटर आणि खालची तार अगदी सपाट धरली, तर मध्यावरची उभी तार ०.३६ मीटर. तेथून ९ मीटरवर ती ०.४३ मीटर, १८ मीटरवर ०.६२ मीटर, २७ मीटरवर ०.९५ मीटर. मध्यावरच्या लांबीत होणारी वाढ १ : ४ : ९ या प्रमाणात आहे, हे विद्यार्थ्यांना स्वतः पडताळू द्या. (खालच्या तारेलाही किंचित झोळ मुद्दाम ठेवतात, तो येथे सोडून दिला आहे.)

तारांच्या बाबतीत एक ताकीद मात्र वर्गात द्यावीच. रेल्वेच्या आणि मेट्रोच्या या तारांत २५,००० व्होल्टचा दाब असतो. निरीक्षण फलाटावरून आणि नुसत्या डोळ्यांनी करायचे. पतंगाचा मांजा, काठी किंवा ओली दोरी तारेजवळ नेणे जिवावर बेतू शकते.

चार सेंटिमीटरची करामत

झोळ असलेली तार सरळ अंतरापेक्षा किती लांब असते? उथळ झोळासाठी ही जादा लांबी ८ × झ² ÷ (३ × ग) इतकी येते. ७२ मीटरचा गाळा आणि १.०४ मीटर झोळ घालून पाहा. उत्तर येते फक्त ४ सेंटिमीटर! बहात्तर मीटरच्या तारेत चार सेंटिमीटर जास्त घातले की ती मीटरभर खाली येते.

आता उन्हाचा विचार करा. तांबे दर अंश सेल्सिअसला लांबीच्या दहा लाखांत सुमारे १७ भाग प्रसरण पावते. पहाटे आणि भर दुपारी तारेच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला, तर ७२ मीटर तार सुमारे ३.७ सेंटिमीटर वाढेल. म्हणजे जादा लांबी जवळजवळ दुप्पट. टोके पक्की बांधलेली असतील तर झोळ वाढणार. झोळ वाढला की ताण कमी होऊन तार स्थितिस्थापकतेमुळे थोडी आखडते, त्यामुळे वाढ काहीशी कमी होते. तरी ती वीतभर भरते. वेगाने धावणाऱ्या पँटोग्राफला हे चालणार नाही. म्हणून रेल्वेमार्गावर काही ठरावीक खांबांपाशी तारेची टोके कप्प्यांवरून नेऊन त्यांना बिडाची वजने टांगलेली दिसतात. तार वाढली की वजने खाली उतरतात, आखडली की वर चढतात. ताण कायम राहतो, म्हणून आपल्या सूत्राप्रमाणे झोळही कायम राहतो.

गावातील विजेच्या तारांना अशी सोय नसते. त्यांची टोके पक्की असतात. तार ओढणाऱ्याला म्हणून दोन धोक्यांमधून वाट काढावी लागते. झोळ जास्त ठेवला तर उन्हाळ्यात तारा आणखी खाली येतात, वाऱ्याने एकमेकींना लागतात, ठिणग्या पडतात आणि खालचा उभा ऊस पेटतो. झोळ कमी ठेवला तर कडाक्याच्या थंडीत तार आखडते, ताण भराभर वाढतो आणि तार तुटण्याची किंवा खांब ओढला जाण्याची भीती असते. म्हणून तार ओढताना त्या दिवशीचे तापमान पाहून झोळ ठरवावा लागतो. मे महिन्यातल्या दुपारी लोंबणारी तार पाहून 'ही जरा ओढून घट्ट करा' असे म्हणणे सोपे आहे. डिसेंबरच्या पहाटे त्याच तारेचे काय होईल, हे सूत्राला विचारूनच ते म्हणावे.

साखळी उलटी केली तर

येरवड्याला जाणारा मेट्रोचा मार्ग ज्या परिसरात नदी ओलांडतो, तेथेच बंडगार्डनचा जुना दगडी कमानींचा पूल आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या या पुलाला मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचे नाव दिले होते. लोंबत्या तारेचा आणि या कमानींचा संबंध आहे.

रॉबर्ट हूक याने १६७५ साली एक शोध अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला. त्याचा उलगडा त्याच्या मृत्यूनंतर, १७०५ साली झाला. आशय असा होता: लवचीक दोर जसा लोंबतो, तशीच पण उलटी ताठ कमान उभी राहते. लोंबत्या साखळीत सगळीकडे केवळ ओढ असते. तो आकार उलटा केला की प्रत्येक ओढीच्या जागी तितकाच दाब येतो. दगड दाब भरपूर सोसतो, ओढ मात्र फारच कमी. म्हणून दगडी कमानीत दाबाची ही रेषा दगडांच्या जाडीतून बाहेर न जाणे महत्त्वाचे.

पण याचा अर्थ प्रत्येक पुलाची कमान साखळीवक्राची हवी, असा नव्हे. किल्ली पुन्हा आठवा: वजन कसे वाटले आहे? कमानीवर भराव असतो. तो माथ्यावर कमी आणि बाजूंना जास्त. त्यावर सपाट रस्ता. म्हणून नुसती साखळी टांगून चालत नाही. तिच्या प्रत्येक भागाला त्या त्या जागच्या भरावाच्या प्रमाणात वजने टांगावी लागतात, आणि मग जो आकार येईल तो उलटा करावा लागतो. १७४८ साली पोलेनी या इटालियन शास्त्रज्ञाने रोमच्या सेंट पीटर चर्चच्या तडे गेलेल्या घुमटाची तपासणी अशीच, वजने टांगलेल्या साखळीने केली. उलटी केलेली साखळी घुमटाच्या जाडीत बसते, हे त्याने दाखवले.

वर्गात विचारण्यासाठी

१. हीच साखळी चंद्रावर त्याच खिळ्यांवर टांगली तर आकार बदलेल का? ताण बदलेल का? (आकार तोच राहील, ताण सुमारे एकषष्ठांश होईल.)

२. फुलांच्या लांब हाराच्या मधोमध जड पदक बांधले तर तळाशी काय होईल? किल्लीचे वाक्य वापरून सांगा.

३. गाळा दुप्पट केला आणि ताण तोच ठेवला, तर झोळ किती पट होईल? अर्ध्या अंतरावर आणखी एक खांब रोवल्याने किती फायदा होतो?

४. दोरीवर एकच ओली गोधडी मधोमध टाकली तर दोरीचा आकार वक्र राहील की जवळजवळ दोन सरळ रेषांचा होईल? का?

या प्रत्येक प्रश्नात सूत्र पाठ असण्यापेक्षा 'येथे वजन कशावर वाटले आहे?' हे विचारण्याची सवय अधिक कामाला येते. तेवढी सवय लागली, तर दोरी, तार, पूल आणि कमान हे चार वेगळे धडे राहत नाहीत.